भाऊबीज ते तुळशीचं लग्न

चि. पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले, आता मागावर पैठणीचा मोराचा पदर लावायचाय. तुझा उत्साह ऐकून फार बरं वाटलं. पण मनातलं सगळं फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या येवल्यात दिवाळीआधी मागांचा खटखटाट रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. भाऊबीज झाली की तो उतरतो, आणि तुळशीची लग्नं लागली की लग्नसराईसाठी पुन्हा चढतो. मधले दहाएक दिवस आपले. मी ते विणण्यात कधी घालवले नाहीत, ताणा म्हणजे मागावरच्या उभ्या तारा लावण्यात घालवले. तूही तेच कर. मोर अजून थांबू दे.

पैठणीच्या नक्षीत प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी असते. दोन रंग जिथे भेटतात तिथे एक बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्यात अडकवून माघारी न्यावा लागतो. म्हणून तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि मागे धागे लोंबत नाहीत. अडकवायचं राहिलं की फट पडते, जास्त ओढलं की कापड चुणतं. रेशमावर चूक उसवताना धागा पिसतो. सूत मात्र चार वेळा उसवू देतं. म्हणून हात आधी सुतावर बसव.

सुती स्टोल लाव, दोन. रुंदी 22 इंच, इंचाला 20 तारा, म्हणजे 440. दोन्ही काठांना दोन-दोन जास्त धर, 444. आता लांबी. दोन-दोन मीटरचे दोन, म्हणजे 4 मीटर. चारही टोकांच्या गोंड्यांना 60 सेंमी, विणताना आणि धुतल्यावर आटतं त्याचे 60, मागात अडकून वाया जातं ते 70, आणि नमुन्याला 30. झाले 6 मीटर 20 सेंमी. ताण्याला साधारण 2,750 मीटर सूत लागेल, बाण्याला दोन हजारांच्या वर. दहा नंबरचं दुपदरी सूत घेतलंस तर अर्ध्या किलोहून थोडं जास्त होईल, पण तू पाऊण किलो आण. रंगाचा एक घाणा संपला की पुढच्याचा रंग तंतोतंत जुळत नाही.

आणि रंग तपासल्याशिवाय ताणा लावू नकोस. सुताचा तुकडा गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर भिजव, चिंधी पांढरी राहिली पाहिजे. एका वर्षी मी लाल सुतावर नुसता भरवसा ठेवला आणि मलईरंगी कापडाला त्याचा काठ विणला. पहिल्याच धुण्यात कापड गुलाबी झालं. बारा दिवसांचं काम होतं. चूक माझीच. अजून तो तुकडा ट्रंकेत आहे.

या दिवसांत ताण्याला लावलेली खळ छान वाळते, पावसाळ्यात ती चिकट राहते. पण याच कोरड्या हवेत सुती तार तटकन तुटते, ओलाव्यात ती जास्त ताण सोसते. जुने विणकर जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसत, तेव्हा मातीचा गारवा ताण्याला आपोआप मिळायचा. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणून मागाशेजारी ओलं पोतं टांगून ठेव.

मागावरचा जुना ताणा कापून फेकू नकोस. तारा 444च असतील आणि ज्या दातांतून त्या ओवतात ती फणी तीच असेल, तर जुन्या प्रत्येक तारेला नवी तार गाठीने जोड आणि गाठी हलक्या हाताने फणीतून पुढे ओढून घे. एकेक तार पुन्हा ओवण्याचा वेळ वाचेल. हे काम घाईचं नाही, घरात कुणी हाक मारणारं नसताना कर. मग डोळे मिटून ताण्यावरून तळवा फिरव. जिथे सैल लागेल तिथे आत्ताच घट्ट कर, कारण सैल तार पुढे अख्ख्या कापडात लोळत राहते.

नमुन्याच्या 30 सेंमीतल्या निम्म्यात आधी साधी वीण घे. उरलेल्या निम्म्यात मधोमध दोन रंग एकमेकांत अडकवत विण, फट न पडता. तेवढा तुकडा कापून काढ, धू, सावलीत वाळव आणि मला पोस्टाने पाठव. फोटो नको, कड बोटांनी बघायची असते. तुळशीच्या लग्नाआधी आला तर त्याच दिवशी उत्तर लिहीन. नंतर माझ्याही मागावर कुणाच्या तरी लग्नाची साडी चढलेली असेल.

तुझी,
मावशी