घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. काम, घर आणि स्वतःची विश्रांती यांचा मेळ कसा बसवू? पहाटे चारला उठायला लागू का?

नका उठू, ताई. तुम्हीच लिहिलंय की रात्री ओटा आवरेपर्यंत साडेअकरा होतात, मुलांची शाळा सातची आहे, दिवाळीला एकट्या चकलीच्याच पन्नासेक किलोच्या ऑर्डरी असतात आणि हाताखाली कामाला बाई नाही. चारला उठलात तर झोप साडेचार तासांची. तेवढ्या झोपेवर दिवसभर उकळत्या तेलापुढे उभं राहायचं नसतं. शिवाय घरचे म्हणतात, "घरूनच तर करतेस, थोडं नियोजन कर." हे वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसले. तुम्हाला नियोजन शिकवणारे पुष्कळ भेटतील. मी तुमचा भाव विचारते. किलोला किती घेता?

प्रश्नात दर दिलेला नाही, पण पन्नास किलो काम असून मदतीला बाई ठेवता येत नाही, म्हणजे तो कमी असणार. दर कमी असला की माणूस लावता येत नाही, माणूस नसला की रात्र जाते. वेळापत्रक कितीही बदललं तरी एवढं काही बदलत नाही.

आधी दिवस मोजा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, पुरुषाचा ९७. मुलं-म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईची त्यासाठी १३४ मिनिटं आणखी. म्हणजे सव्वासात तास हिशेब सुरू व्हायच्या आधीच गेले. सात तास झोप आणि दोन तास स्वतःचं जेवण-आंघोळ धरली, तर व्यवसायाला उरतात पावणेआठ तास.

आता चकली घ्या, कारण फराळात सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. चार किलो तयार चकलीला किती वेळ लागतो ते लिहिते. भाजणी धुणं, वाळवणं, भाजणं, दळून आणणं यातला वाट्याला येणारा वेळ अर्धा तास. उकड काढून मळायला अर्धा तास. पंचवीस ग्रॅमची एक चकली धरली तर चार किलोत एकशे साठ होतात. घाण्यात सात टाकल्या तर तेवीस घाणे. घाण्याला पावणेदहा मिनिटं धरा, म्हणजे पाडणं आणि तळणं मिळून पावणेचार तास. गार करणं, मोडक्या वेगळ्या काढणं, वजन आणि पॅकिंग एक तास. कढई, सोऱ्या, ओटा, तेलकट फरशी पाऊण तास. फोन आणि ऑर्डर हातात देणं अर्धा तास. एकूण सात तास, किलोला पावणेदोन.

म्हणजे एकटीच्या हातून दिवसाला चार किलो, बारा दिवसांत अठ्ठेचाळीस, तेही दुसरा एकही पदार्थ न करता आणि एकही सुट्टी न घेता. तुम्ही पन्नास किलो चकली, वर चिवडा, शेव, करंजी घेताय. ते कुठल्याही वेळापत्रकात बसणार नाही.

आता पैशाचं. आमच्या घरात हा वाद जुना आहे. धाकटे दीर हिशेबाला पक्के, पण त्यांचं म्हणणं असं की घरच्या बाईच्या हाताला मजुरी धरायची नसते, मालाचे पैसे वजा जाता उरेल तो नफा. दिवाळीनंतर वही उघडली की हाच विषय निघतो. त्यांना तोंडी बऱ्याचदा सांगितलंय, आज लिहून ठेवते.

किलोभर चकलीला भाजणी, मोहन, कढईतलं मुरलेलं तेल, तीळ-तिखट, दळण, गॅस, पिशवी-डबा मिळून १९० रुपये धरा. मोडक्या आणि नमुन्याला दिलेल्या चकल्यांचे १५. झाले २०५. गल्लीत ३०० चा भाव आहे म्हणून तुम्हीही ३०० ला दिली, तर ९५ उरतात. दिरांच्या भाषेत हा नफा. पण त्यामागे पावणेदोन तास आहेत, म्हणजे तासाला ५४ रुपये. आता हाताखाली बाई लावायला जा. ती तासाला ८० मागेल आणि ते रास्तच आहे. पावणेदोन तासांचे १४० झाले. म्हणजे तिच्याकडून करून घेतलेल्या प्रत्येक किलोमागे तुमच्या खिशातून ४५ रुपये जाणार. मग तुम्ही ठरवता की बाई परवडत नाही, आपणच रात्री बसू. घरच्या बाईची मजुरी न धरल्यामुळे नेमकं हे होतं, आणि घरचे त्याला नियोजनाचा अभाव म्हणतात.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठवड्याची एक सुट्टी हवी असेल तर तिचे पैसे सहा दिवसांच्या मजुरीतून निघायला हवेत. ८० ला ७ ने गुणा, ६ ने भागा, साधारण ९३ येतात. पावणेदोन तासांचे १६३. म्हणजे सुट्टीसाठी किलोमागे फक्त २३ रुपये वाढतात. २०५ अधिक १६३, झाले ३६८. त्यावर वीस टक्के यंत्राची दुरुस्ती, बुडीत पैसे आणि खऱ्या नफ्यासाठी. भाव निघतो ४४० रुपये. आकडे तुमच्या गावचे घाला. पुणे, नाशिक, लातूर, सगळीकडे तेल, डाळ आणि मजुरी वेगळी आहे. रकाने मात्र हेच ठेवा, आणि मजुरीचा रकाना कुणाच्याही सांगण्यावरून खोडू नका.

दिरांचं दुसरं म्हणणं, भाव वाढवला की गिऱ्हाईक तुटतं. तुटतंच. पन्नास किलोंवरून पस्तीसवर याल असं धरू. ३०० च्या भावानं पन्नास किलोंचे हातात ४,७५० आले असते, साडेसत्त्याऐंशी तासांत. ४४० च्या भावानं पस्तीस किलोंचे ८,२२५ येतात, सव्वाएकसष्ट तासांत. वीसच किलो विकली गेली तरी ४,७०० येतात, पस्तीस तासांत. कागदावर स्वतः मांडून बघा. पस्तीस किलोंच्या हिशेबात सव्वीस तास झोपायला मिळतात आणि वर पैसे जास्त.

आणि मालकिणीनं मजुरी घेणं ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथं पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण असते, तरी लाटलेल्या किलोंवर तिला वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते. नफ्याची वाटणी निराळी. पीठ केंद्रात मळलं जातं, बायका घरी लाटतात, तयार पापड केंद्रात देतात. मालकी आहे म्हणून मेहनत फुकट, असं तिथं कुणी धरलं नाही. आमच्या घरातल्या हिशेबनीसांनी एवढं तरी बघावं.

थकव्याचा फटका मालालाही बसतो, आणि गिऱ्हाईक परत येत नाही ते भावापेक्षा यामुळे. संध्याकाळी उरकायची घाई झाली की गॅस मोठा होतो. चकली बाहेरून लाल, आत कच्ची, दुसऱ्या दिवशी मऊ. चार किलोंची उकड एकदम काढली की शेवटचा गोळा वाळतो, पाडताना तुटतो. मग अंदाजानं पाणी मारलं की ती तेल पिते. मोहन थोडं जास्त पडलं की तेलात विरघळते, कमी पडलं की दगड. म्हणून उकड चार वेळा काढा, दर वेळी तासाभरात संपेल एवढीच. सलग दोन तासांवर तळण नको. मधे वीस मिनिटं बसून पॅकिंगचं काम घ्या. अंधार पडल्यावर कढई चढवायची नाही. ओट्यावर शेगडी आणि कढई मिळून काठ खांद्याच्या दिशेनं जातो, त्यानंच मान-खांदा धरतो. पायाखाली चार इंच उंचीची, दोन फूट रुंद, अजिबात न डुगडुगणारी फळी घ्या. चकल्या पाडायला मात्र टेबलाशी बसा.

कामाचा क्रम टिकाऊपणावर लावा. भाजणी पंधरा दिवस आधी दळून ठेवा. शंकरपाळी, शेव, बेसनाचे लाडू आधी. अनारशाचं पीठ आधी भिजवून मुरवून ठेवता येतं, तळायचे मात्र शेवटी. चिवडा शेव-लाडवांनंतर, ओल्या नारळाचं सगळ्यात शेवटी. चकली मधे पसरून ठेवा, रोज चार किलो. ऑर्डरवही किलोंवर बंद करा, तारखेवर नको. अर्धे पैसे आगाऊ घ्या. फोन अकरा ते एक आणि चार ते सहा, एरवी व्हॉट्सॲप बिझनेसचा आपोआप जाणारा निरोप लावा. भाऊबीजेनंतरचे आठ दिवस बंद, हे पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी वहीत लिहा. मागाहून लिहायला गेलात तर तुळशीच्या लग्नाच्या ऑर्डरी येऊन बसतात. नवा दर गणपतीतच जुन्या गिऱ्हाइकांना पाठवा.

घराच्या २९९ मिनिटांचं काय? ती कुणाच्या तरी हातात गेल्याशिवाय कमी होत नाहीत. "मी भाजी आणून देतो" याला मदत म्हणू नका. काय करायचं ते ठरवणं, आणणं, निवडणं, फोडणी, कढई घासणं, हे सगळं मिळून एक काम. ते पूर्ण द्या, बारा दिवस रात्रीचं जेवण नवऱ्याकडे. पहिले तीन दिवस तुम्ही स्वयंपाकघरात डोकावायचं नाही. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा. फराळ करणाऱ्या घरात पोळ्या विकतच्या, असं कुणी बोललं तर बोलू द्या.

हे सगळं तळणाच्या, हंगामी कामाचं आहे. वर्षभराच्या डब्याच्या व्यवसायात भाव असा एकदम चढवता येत नाही, तिथं दोन-तीन टप्प्यांत जा. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर पावणेआठ तास सोडा, चार मिळाले तरी खूप, ऑर्डरवही त्यावर बांधा. आणि घर त्याच पैशांवर चालत असेल, तर गिऱ्हाईक तुटण्याचा धोका एकदम पत्करू नका. नव्या गिऱ्हाइकाला नवा दर, जुन्याला पुढच्या दिवाळीपासून.

सासूबाई करंज्या भरून देतात असंही तुम्ही लिहिलंय. त्यांचे तास वहीत धरा, त्याच दरानं, आणि पैसे त्यांच्या खात्यात भरा. घरखर्चात मिसळू नका. त्यांनी आयुष्यभर केलेल्या फराळाला कुणी दर लावला नव्हता. माझ्या सासूबाईंबद्दल दिरांना मी हेच सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आई कधी पैसे मागणार नाही. मी म्हटलं, मागायला लागू नयेत म्हणूनच ते वहीत हवेत.