8 ओमच्या टॅपवर 4 ओमचा स्पीकर लावला तर ताकद दुप्पट होते का?

तुमचा अ‍ॅम्प्लिफायर ईएल84 व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉन नळीच्या) पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या जोडीचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला स्पीकर जोडायचा टॅप (जोडबिंदू) एकच, 8 ओमचा, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्पीकर 4 ओमचा. ट्रान्झिस्टरसारखी ताकद दुप्पट मिळेल का, असं विचारलंय. नाही. उलट ती घटेल आणि आवाज लवकर फाटेल.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज जवळपास पक्कं धरतो, म्हणून ओम निम्मे झाले की वॅट वाढतात. व्हॉल्व्हला मात्र ठरावीक भार लागतो. ईएल84च्या जोडीला प्लेट ते प्लेट (दोन्ही व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकांदरम्यान) साधारण 8,000 ओम. स्पीकर 8 ओमचा. 8,000 भागिले 8 म्हणजे 1,000, त्याचं वर्गमूळ 31.6, तेवढं ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं गुणोत्तर. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे ओम नसतात. समोर जे लावाल ते तो हजारपट करून व्हॉल्व्हला दाखवतो. 4 ओम लावले की 4,000 दिसतात, आणि त्यासाठी लागणारा जादा करंट व्हॉल्व्ह देऊ शकत नाही. 16 ओम लावले तर 16,000. मग व्होल्टेजच आधी टोकाला जातं आणि व्हॉल्व्हमधली स्क्रीन ग्रिड नावाची जाळी तापते.

चोरबाजारातला विनालेबल ट्रान्सफॉर्मर असेल तर आधी मोजा. तो सर्किटमधून सोडवा (अ‍ॅम्प्लिफायर बंद, फिल्टर कपॅसिटर रिकामे केलेले). वेगळ्या हीटर ट्रान्सफॉर्मरचे (व्हॉल्व्हचा हीटर तापवणाऱ्या) 6.3 व्होल्ट एसी पूर्ण प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांना) द्या आणि सेकंडरीवर (स्पीकरकडच्या वेढ्यांवर) मोजा. 0.2 व्होल्टच्या आसपास आले तर 8 ओमला बरोबर 8,000. उलट बाजूने, म्हणजे सेकंडरीला 6.3 देऊ नका. प्रायमरीवर 200 व्होल्टच्या घरात येतात. स्पीकरही तपासा, पण मल्टिमीटर फक्त डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो लिहिलेल्या ओमपेक्षा कमी येतो: 8 ओमचा 6 ते 7, 4 ओमचा 3 ते 3.5.

तसाच दुसरा 4 ओमचा स्पीकर आणून दोन्ही सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडा, हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय. 4 ओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकूनही भार जुळतो, पण निम्मी ताकद तो तापवण्यात जाते आणि बेस ढिला पडतो.

या सगळ्यापेक्षा जास्त जपायचं ते स्पीकर न लावता चालवण्यापासून. भार नसला की प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं, वेढ्यांचं इन्सुलेशन फुटतं किंवा सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते. पावसाळ्यात मुंबईची दमट धूळ सॉकेटवर बसलेली असेल तर ते आणखी सोपं. एकदा ठिणगीने सॉकेटवर जळकी काळी रेघ उमटली की ती पुसून भागत नाही, सॉकेटच बदलावा लागतो. चाचणीला स्पीकर नसेल तेव्हा 8 ओम, 25 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावून ठेवा.