पाचवीत यायचं, सहावीत विसरला

पहिलं सत्र संपत आलं की सहावीच्या पोरांचे आईबाप माझ्याकडे येऊ लागतात, आणि तक्रार बहुतेक एकच असते. मागच्या वर्षी अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येत होती, यंदा येईना. लेकराच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना? लातूरला ही काळजी जरा जास्तच मोठी होते. इथे सहावीतल्या चुकीचा संबंध लोक थेट मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या मार्कांशी लावतात. (नीटला गणिताचा पेपरच नसतो, हे अशा वेळी कुणाला आठवत नाही.)

अशाच एका कुटुंबाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रेणापूरकडचं शेतकरी घर, मुलगा सहावीत. आई म्हणाली, "मॅडम, गणिताचं पुस्तक काढलं की ह्याचं पोट दुखायलंय. मोबाईलवर एकानं सांगितलं, अशा लेकरांना डिसकॅल्क्युलिया असतंय म्हणून." (डिसकॅल्क्युलिया म्हणजे गणितातली अध्ययन अक्षमता.) वडील खाली बघत होते. रोज रात्री तेच शिकवायला बसायचे. दुसऱ्या-तिसऱ्या गणिताला आवाज चढायचा, कधी हातही उठायचा. मग पोरगा विचार सोडून द्यायचा आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत अंदाजाने आकडे टाकायचा.

मी वही मागितली. १/२ + १/५ = २/७. वर वरचे मिळवले, खाली खालचे. ३/४ − २/५ या वजाबाकीत वर तीनातून दोन गेले, एक उरला. खाली चारातून पाच जाईनात, म्हणून पाचातून चार काढले. उत्तर १/१. पण त्याच पानावरचे गुणाकार मात्र सगळे बरोबर होते. १/२ × १/५ = १/१०, एकही चूक नाही.

निदान त्या पानावरच होतं. पाचवीत त्याने समच्छेद करून, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे करून, बेरीज केली होती, पण पाठ केलेल्या पायऱ्यांनी. सहावीत गुणाकार आला. त्याची रीत सोपी, अंशाला अंश, छेदाला छेद. ही सोपी रीत हळूहळू जुन्या रीतीवर चढून बसली. मुलगा विसरला नव्हता. नवीन नियम जिथे चालत नाही तिथे चालवत होता. अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन वेगळ्या संख्या, अशी समजूत असली की असं होतंच, आणि हुशार पोरांचंही होतं.

आईच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच दिलं. गणितातली अध्ययन अक्षमता खरी असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे. पण ती सहावीच्या एका धड्यात अचानक उगवत नाही. पहिली-दुसरीपासून त्रास दिसतो. ५८ मोठे की ८५ हे चटकन कळत नाही, साध्या बेरजेला बोटं सुटत नाहीत, सुट्टे पैसे आणि घड्याळ जमत नाही, आणि महिनोन्महिने नीट शिकवूनही फरक पडत नाही. असं असेल तर तपासणी जरूर करावी. हा मुलगा दुकानातून सामान आणून उरलेले पैसे बरोबर मोजून देत होता.

मग मी वडिलांना विचारलं, "दादा, अर्धा एकर म्हणजे किती गुंठे?" "वीस." "आणि एकराचा पाचवा हिस्सा?" "आठ." "दोन्ही मिळून?" "अठ्ठावीस की." कागद नाही, पेन नाही. दहावी नापास म्हणून पुस्तकातल्या गणिताला बिचकणारा माणूस समच्छेद करून मोकळा झाला होता. अर्ध्याचे आणि पाचव्या हिश्श्याचे तुकडे सारख्या मापाचे नाहीत, म्हणून थेट मिळवता येत नाहीत. दोघांचेही गुंठे केले की माप एक झालं. २०/४० + ८/४० = २८/४०. चाळीस तसाच राहतो, कारण गुंठ्याचं माप बदललेलं नाही, फक्त गुंठे वाढले. संक्षिप्त रूप ७/१०.

"मग तुझं २/७ काय म्हणतंय?" मी मुलाला विचारलं. सातचे अर्धे साडेतीन, दोन त्याहून कमी. म्हणजे अर्ध्या एकरात आणखी रान मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी! १/१ वर तर तो स्वतःच हसला. पाऊण एकरातून जमीन काढून दिली आणि अख्खा एकर उरला. "पप्पा, अशी वजाबाकी असती तर बरं झालं असतं." खरं उत्तर तीस वजा सोळा, चौदा गुंठे. १४/४०, म्हणजे ७/२०.

गुंठ्यावर फार दिवस विसंबता येत नाही, हेही त्याच बैठकीत दाखवलं. १/३ + १/४ दिलं. चाळीसला तिनाने भाग जाईना. तो अडला. मग तीनचा पाढा आणि चारचा पाढा शेजारी लिहायला लावला. दोन्हीत पहिल्यांदा भेटला बारा. हाच लसावि. ४/१२ + ३/१२ = ७/१२. उत्तर बघून वडील म्हणाले, "हे तर सातबारा झालं!" सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि नमुना बारा, त्याचा अपूर्णांकाशी काही संबंध नाही. पण ते उत्तर पोरगा आता जन्मात विसरायचा नाही.

घरी करायला मी एकच गोष्ट दिली. वडिलांनी काही दिवस शिकवायचं नाही. फक्त गणित सोडवण्याआधी विचारायचं, "उत्तर अर्ध्याहून जास्त येईल का कमी? एकाच्या वर जाईल का?" लिहिलेलं उत्तर त्याच्याशी जुळतं का, ते मुलाने स्वतः बघायचं. बाहेरून सोपं वाटतं, पण वडिलांना जड गेलं. गप्प बसणं शिकवण्यापेक्षा अवघड असतं. पोटदुखी आधी कमी झाली, गणितं त्यानंतर सुधारली. माझ्या अनुभवात बहुधा याच क्रमाने होतं.

पुढच्या भेटीत आईने विचारलं, "मग ट्यूशन बंद करू का?" मी नको म्हटलं. सरांना एवढंच सांगा, तिरका गुणाकार (प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणायचं, खाली दोन्ही छेदांचा गुणाकार) सध्या बाजूला ठेवा. ती युक्ती चुकीची नाही, पण समच्छेद कशासाठी करायचा हे कळायच्या आत हाताला लागली की पोरं सगळीकडे तीच मारतात. या मुलाने ३/८ + २/८ ला सुद्धा आठ अठ्ठे चौसष्ट करून ४०/६४ उत्तर काढलं होतं. बरोबरच आहे ते, पण पाच अष्टमांश नुसतं बघून सांगता यायला हवं होतं.