‘बळीचा बकरा’ आणि ‘देवाचा कोकरा’

प्रश्न असा आहे: वरचे साहेब नामानिराळे राहतात आणि एखाद्या कारकुनाला ‘बळीचा बकरा’ केलं जातं. हा वाक्प्रचार बायबलमधून आला का? आणि तसं असेल तर ख्रिस्ती लोक येशूला बकरा न म्हणता कोकरा का म्हणतात?

वाक्प्रचारातलं चित्र आपल्याकडचंच आहे. जत्रेत नवसाचा बकरा देवीपुढे उभा करतात, हे कोणाला सांगायला नको. इंग्रजीतला ‘स्केपगोट’ मात्र थेट बायबलमधला. विल्यम टिंडेलने १५३० साली जुन्या कराराच्या पहिल्या पाच पुस्तकांचं भाषांतर छापलं, त्यात त्याने हा शब्द घडवला. अर्थ, सुटून गेलेला बकरा. बातम्यांमध्ये हे दोन्ही शब्द एकमेकांसाठी सर्रास वापरले जातात आणि व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. पण आपला बकरा कापला जातो आणि ‘स्केपगोट’ जिवंत सोडला जातो.

मूळ विधी त्या पाच पुस्तकांतल्या लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी इस्राएल लोकांकडून दोन बकरे घ्यायचे आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वरासाठी, एक ‘अझाजेल’साठी (या शब्दाचा नेमका अर्थ आजही वादाचा आहे). पहिला कापायचा. त्याचं रक्त महायाजक पडद्याच्या आत, परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या सर्वांत आतल्या भागात नेतो आणि दयासनावर, म्हणजे तिथल्या कराराच्या पेटीच्या झाकणावर शिंपडतो. प्राण रक्तात असतो, असं हेच पुस्तक पुढच्या अध्यायात सांगतं. लोकांच्या अशुद्धतेमुळे विटाळलेलं पवित्रस्थान या प्राणाने शुद्ध होतं. इथे रक्त धुण्याचं काम करतं, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. देवाला राग आला आणि म्हणून जनावर मारलं, एवढाच अर्थ लावला तर सगळा अध्याय हातातून निसटतो.

दुसऱ्या बकऱ्याचा भाग मला या पुस्तकातला सर्वांत बोलका वाटतो. होमार्पणाच्या, म्हणजे वेदीवर जाळून अर्पण करायच्या पशूवर माणूस हात ठेवतो. इथे महायाजक अहरोन दोन्ही हात ठेवतो आणि इस्राएलांची सगळी पापं मोठ्याने कबूल करतो. मग एक माणूस तो बकरा रानात नेऊन सोडतो. त्या माणसाने परतण्याआधी कपडे धुवायचे, अंघोळ करायची, मगच छावणीत यायचं. पाप खरोखर उचलून नेलं गेलं, असं धरूनच हे सगळं चालतं. आणि ग्रंथ या दोन बकऱ्यांना मिळून एकच पापार्पण म्हणतो: एक शुद्ध करतो, दुसरा वाहून नेतो.

आता आपल्या कारकुनाकडे पाहा. त्याच्यावर दोष ढकलला जातो तो खऱ्या दोषीचं नाव झाकण्यासाठी. लेवीयात दोष कोणाचा हे आधी सर्वांसमोर बोललं जातं, मगच तो बकऱ्यावर ठेवला जातो. शब्द तोच राहिला आणि अर्थ पार उलटला, याची मला फार खंत वाटते.

राहिला कोकरा. तो वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचा. निर्गम पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात इस्राएल लोक मिसरातून निघण्याच्या रात्री त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावतात आणि त्या घरावरचा मृत्यू टळतो. तिथे पापाचा उल्लेखच नाही, विषय सुटकेचा आहे. (तो मेंढरांतला किंवा बकऱ्यांतला, कुठलाही चालत असे, नियम एवढाच की नर, एक वर्षाचा आणि निर्दोष हवा.) येशूचं मरण वल्हांडणाच्या दिवसांत झालं, म्हणून नव्या करारातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल त्याला ‘आपला वल्हांडण’ म्हणतो. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला देवाचा सेवकही वधाला नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा गप्प राहतो, आणि तोच इतरांचे अपराध वाहतो.

योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून म्हणतो, ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’. ‘हरण करणे’ म्हणजे उचलून नेणे, हे काम लेवीयात दुसऱ्या बकऱ्याचं होतं. इथे ते कोकराकडे आलं आहे. पहिल्या बकऱ्याचं रक्त आत नेण्याचं काम नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात ख्रिस्ताकडे येतं. दोन बकरे आणि एक कोकरा, तिघांचे अर्थ एकाच व्यक्तीत एकत्र आले, असं ख्रिस्ती वाचन आहे.

तेव्हा बातमीत ‘बळीचा बकरा’ खुशाल लिहा. लेवीयाचं भाषांतर करताना मात्र ‘सोडून दिलेला बकरा’ लिहा, आणि येशूबद्दल ‘कोकरा’च.