झाडांनी वेढलेल्या टेकडीवरून पॅराग्लायडर किंवा हँग ग्लायडर उडवणे कितपत अवघड असते?

उघड्या उतारावरून उडण्याची सवय असलेल्या पायलटला दाट झाडीतल्या अरुंद पट्ट्यातून टेकऑफ जमेल का, आणि हँग ग्लायडरला ते सोपे जाते का, असे तुम्ही विचारले आहे. मी दोन्ही उडवतो, पॅराग्लायडर (दोऱ्यांना लटकून उडवायचा मऊ कापडी पंख) जास्त, हँग ग्लायडर (ताठ सांगाड्याचा पंख) कमी. जमेल, परंतु त्या पट्ट्यात अंगाला जाणवणाऱ्या वाऱ्यावर विश्वास ठेवण्याची सवय आधी मोडावी लागेल.

झाडे वारा अडवतात. त्यामुळे पट्ट्यात उभे असताना गालाला जेमतेम झुळूक लागते, आणि त्याच वेळी शेंड्यांच्या वर वारा दुप्पट वेगाने वाहत असू शकतो. वेग दुप्पट म्हणजे दाब चौपट. पॅराग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी 35 ते 40 किलोमीटर असतो. समोरचा वारा त्याच्या आसपास पोहोचला, तर उचललेला पायलट पुढे न जाता जागच्या जागी लटकतो किंवा मागच्या झाडांवर आणि त्यांच्यामागच्या रोटरमध्ये, म्हणजे घुसळणाऱ्या हवेत, ढकलला जातो.

याहून फसवा प्रकार पाठवाऱ्याचा. मूळ वारा टेकडीच्या मागून येत असला, तरी उन्हाने तापलेल्या पुढच्या उतारावरून थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, वर चढू लागले की विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) नेमका हवा तसा, समोरून फुगतो. एकदा माझा पंख अंथरून झाला होता, आणि कमरेएवढ्या रोपट्याला बांधलेली फीत छान आत, माझ्याकडे झुकत होती. मात्र शेंड्याला बांधलेली जुनी, विरलेली फीत दरीकडे ताठ झाली होती. मी पंख गुंडाळला. सोबतच्यांना तो भित्रेपणा वाटला असावा. तेव्हापासून ढगांच्या सावल्या कोणत्या दिशेने सरकतात, हे मी आधी पाहतो आणि निदान वीस मिनिटे नुसता बसून राहतो.

पॅराग्लायडर पसरला की अकरा-बारा मीटर जागा व्यापतो आणि त्याच्या बारीक दोऱ्या प्रत्येक खुंटात अडकतात, म्हणून जमीन हाताने साफ करणे हे कंटाळवाणे काम टाळू नये. पुरेसा वारा असेल, तर पंखाकडे तोंड करून तो उचलावा, म्हणजे अडकलेली दोरी वेळीच दिसते. धावण्याच्या वाटेवर मी एक रंगीत फडके ठेवतो. तिथपर्यंत पंख डोक्यावर स्थिर झाला नाही, तर ब्रेक पूर्ण ओढून थांबायचे, हे उभे राहण्याआधीच ठरलेले असते.

हँग ग्लायडरचा सांगाडा ताठ असल्याने पंख मिटण्याची भीती नसते, आणि वेग जास्त असल्यामुळे शेंड्यांवरचा खवळलेला थर तो लवकर ओलांडतो. परंतु 25 ते 35 किलोंचे ते धूड घेऊन धाव सुरू केली की मधेच थांबणे जवळपास अशक्य असते. एका टोकाला झोत लागला आणि दुसरे टोक झाडाच्या आडोशात राहिले, तर ग्लायडर झाडीकडेच वळतो. म्हणून पट्टा अरुंद असेल, तर माझे मत पॅराग्लायडरच्या बाजूने आहे. रुंद रॅम्प (टेकऑफसाठीचा उतरता फलाट) असेल, तर हँग ग्लायडर उजवा. मात्र हार्नेस (पायलटला ग्लायडरशी जोडणारे पट्टे) अडकवला आहे याची लटकून खात्री केल्याशिवाय रॅम्पवर पाऊल ठेवू नये.

पॅराग्लायडर घेऊन झाडावर उतरणे टळतच नसेल, तर शेवटपर्यंत वाऱ्याकडे तोंड ठेवून दाट शेंड्याच्या मध्यावर जावे, पाय घट्ट जुळवावेत आणि शेवटच्या क्षणी हातांनी चेहरा झाकावा. अडकल्यावर हार्नेस सोडण्याची घाई करू नये; आधी स्वतःला खोडाला बांधून घ्यावे आणि मदतीची वाट पाहावी. हार्नेसच्या खिशात दात साफ करण्याच्या दोऱ्याची एक डबी असू द्यावी. तो दोरा खाली सोडला की मदतीला आलेला माणूस त्याला जाड दोराचे टोक बांधू शकतो आणि तुम्ही ते वर ओढून घेऊ शकता.