साध्या मजकुरातला मेटाडेटा नोंदींच्या ॲपने लपवावा का?

तुमचा प्रश्न असा की, साध्या टेक्स्ट फायलींत नोंदी ठेवणाऱ्या ॲपने तारीख, टॅग, आयडी असला मेटाडेटा वापरणाऱ्याला दाखवावा की झाकावा. माझ्या मते त्याची घडी घालावी, म्हणजे तो मिटलेला असला तरी तिथं आहे हे दिसावं, पण लपवू नये. नोंद दुसऱ्याला पाठवताना तर मुळीच नाही.

मी अंबाजोगाईचा. केज-धारूर भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतो आणि मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच मथळे वगैरे खुणांनी लिहायची पद्धत) उतरवतो, एका ओवीला एक फाईल. सुरुवातीला फायलीत नुसती ओवी असायची. कधी लिहिली ते फायलीची तारीख सांगेलच, असा भरवसा होता. फोन बदलला तेव्हा फायली इकडून तिकडे गेल्या आणि नव्या फोनवर सगळ्यांची तारीख एकच झाली. आता काही ओव्यांपुढे 'संक्रांतीच्या आसपास' एवढंच लिहिता येतं. फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर ठेवूनही ही अडचण सुटत नाही. त्यात बदल नोंदवल्याची, म्हणजे कमिटची, वेळ राहते, पण फायलींचा तो साठा (रेपो) नव्याने उतरवला की फायलींना उतरवल्याची वेळ लागते.

तेव्हापासून गाव, गाणारी, तारीख, रेकॉर्डिंगचं नाव हे सगळं फायलीच्या डोक्यावर, तीन-तीन डॅशच्या दोन ओळींमध्ये लिहितो. ही रीत २००८ साली आलेल्या जेकिलमुळे, म्हणजे साध्या फायलींतून वेबसाइट बनवणाऱ्या प्रोग्रॅममुळे, रुळली. तसं आपल्याकडे हे जुनंच आहे: ज्ञानेश्वरीचा शक १२१२ आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, दोन्ही शेवटच्या ओवीतच आहेत. वेगळ्या चिठ्ठीवर असते तर एवढी शतकं टिकले असते का, कोण जाणे.

आता दुसरी बाजू. शुद्धलेखन तपासायला मावशी मदत करते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, चूक दिसली की हात थांबत नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अरे, वर कायतरी कचरा आलता, म्या पुसून टाकला की." वीसेक ओव्यांची गावं गेली. जिथं पुसलं नाही तिथं तिने 'गाव'पुढच्या अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकला. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण ॲपला ती ओळ कळेना. मी स्वतः तारखा मराठी आकड्यांत लिहून असाच फसलोय. ॲपने त्यांना तारीख मानलंच नाही.

म्हणजे लपवा म्हणणाऱ्यांचं चुकीचं नाही. मग मीही ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तो भाग दिसेनासा केला. मावशी खूश, मीही विसरलो. आणि एके दिवशी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर ओवीची फाईल पाठवली. समोरच्याने साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर वर गाणाऱ्या आजींच्या घरचा फोन नंबर! तो मीच तिथं लिहिला होता, पण डोळ्याआड झाल्यावर तो तिथं आहे हेच डोक्यातून गेलं. फाईल डिलीट केली, तोवर दोघांनी उतरवून घेतली होती. त्या घरी जाऊन सांगावं लागलं. सूनबाई काही बोलल्या नाहीत, चहा तेवढा दिला.

सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा 'इतर अधिकारा'त असतो. रोज कोण वाचतो? पण वाचणारा गोंधळतो म्हणून तलाठ्याने तो रकाना झाकूनच उतारा दिला तर चालेल का?

घडीचा चांगला नमुना म्हणजे २००३ पासूनचा ऑर्ग-मोड, ईमॅक्स या एडिटरमधली नोंदींची सोय. मथळ्याखाली माहितीचा ड्रॉवर (खण) मिटलेला असतो, पण तो तिथं आहे हे दिसतं आणि टॅब दाबला की उघडतो. मार्कडाउन नोंदींच्या ऑब्सिडियन या ॲपने २०२३ मध्ये या मेटाडेटासाठी 'प्रॉपर्टीज' आणल्या, त्यात दाखवा, लपवा किंवा मूळ मजकूर जसाच्या तसा, असे तीन पर्याय आहेत. मावशीसाठी पहिला घ्या. डॅश दिसत नाहीत, रकाने दिसतात, विसर्गाची भानगड मिटते. मूळ मजकूर मी माझ्या लॅपटॉपवर ठेवतो. ॲपला स्वतःसाठी लागणारे लांबलचक आयडी मिटलेले असले तरी माझी हरकत नाही, फक्त ते आहेत एवढं कळावं.

फोन नंबर आता फायलींतून काढून वहीत उतरवतोय. केज झालं, धारूर राहिलंय.