आधी पाइपवर हात बसू दे

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड पूर्ण झाल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीत मिळेल ते काम धरावे, पुण्याला जावे की आखातात नेणाऱ्या एजंटाला पैसे द्यावेत, असे तू विचारतोस. तुझ्या पत्रात पगार वारंवार येतो, पाइप मात्र एकदाही येत नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

वर्षभराच्या अभ्यासक्रमाने तुला ट्रेडमध्ये प्रवेश दिला, एवढेच. पाइप वेल्डरचा हात तपासणाऱ्या 6G चाचणीत पाइप 45 अंशांत पक्का बसवलेला असतो. तो फिरवता येत नाही, तूच त्याच्याभोवती फिरायचे असते, आणि एकाच जोडात हाताला सपाट, उभ्या आणि डोक्यावरच्या वेल्डिंगची परीक्षा द्यावी लागते. रूट, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, नीट उतरला नसेल, तर वरचा थर कितीही देखणा असला तरी एक्स-रेत जोड नापास होतो. म्हणून आधी पाइप, मग पगार.

शिकाऊ उमेदवारीसाठी जागा निवडताना विद्यावेतन पाहू नकोस, तिथे दाबाच्या पाइपांचे काम चालते का ते पाहा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत आणि गाळप संपले की बॉयलरच्या नळ्यांची दुरुस्ती निघते. एनटीपीसीचे 660 मेगावॅटचे दोन संचही सोलापूरलाच आहेत. बॉयलरच्या दाबाखालील भागांवर काम करायचे तर भारतीय बॉयलर नियमावली, 1950 नुसार वेल्डरची पात्रता सिद्ध करावी लागते. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या संहितेतील नवव्या विभागाप्रमाणे वेल्डिंगच्या एखाद्या प्रक्रियेने सहा महिने काम केले नाही, तर त्या प्रक्रियेतील पात्रता संपते. तेव्हा केलेल्या कामाच्या नोंदी सही-शिक्क्यानिशी जपून ठेव.

मला सुपरवायझरची जागा देऊ केली होती. मी ती नाकारली, म्हणून घरात पैसा कमी पडला, आणि मुलांच्या फीच्या दिवसांत त्याची बोच मलाही लागली. तरीही ती निवड योग्यच होती, असे मी आजही ठामपणे म्हणतो, कारण हात पाइपवर राहिला आणि गाळप संपले की बोलावणे येतच राहिले. तू म्हणशील, काका, तुमचा काळ वेगळा होता. पण रूट तपासण्याची रीत बदललेली नाही.

आखातात जायला माझी हरकत नाही, मात्र परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी नसलेल्या एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस, आणि 6G पास होईपर्यंत तो विषयच काढू नकोस. चाचणीची तारीख ठरली की कळव. सरावाचे जोड मी स्वतः कापून पाहीन.

तुझा काका